पटाची जोडी आणि गोठ्यातली बाई

धान घरात आले, बांध्या सुकल्या, की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी एकच बोलणे सुरू होते. यंदा पट कोणत्या तारखेला, कोणाची जोडी उतरणार, रात्री कोणते नाटक? चावडीवर, पानठेल्यावर, पारावर याच गोष्टी. आणि गेल्या काही वर्षांत त्या बोलण्यात एक वादही शिरला आहे. पट भरवावा की नाही, भरवला तर कसा, आणि ट्रॅक्टरच्या काळात त्याचे पुढे काय होणार? गंमत अशी की हा वाद पटाच्या विरोधकांपेक्षा पटाच्या शौकिनांमध्येच जास्त चालतो. पण ज्या बाया वर्षभर त्या बैलांचे शेणपाणी करतात, त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून आज या पटाचा इतिहास आपल्या बाजूने पाहू, आणि आपले मत काय असावे याचाही विचार करू.

लहान मुलींसाठी आधी थोडे सांगते. शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रात तिला बैलगाडा शर्यत म्हणतात, आपल्या विदर्भात शंकरपट. हलकी गाडी, तिला दोन बैल, वर एक धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंद मोजतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. पण त्या काही सेकंदांसाठी माणसे तीन-तीन जिल्ह्यांतून येतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत पौष-माघात पट भरत आले आहेत. गडचिरोली जिल्हा तर १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पटाची आणि नाटकाची नाती त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून ती जिल्ह्याची हद्द ओळखत नाहीत.

हा खेळ आला कुठून, हे समजायचे तर गाडी समजून घेतली पाहिजे. रस्ते नव्हते, मोटारी नव्हत्या, तेव्हा बैलगाडी हेच आपले वाहन होते. धान बाजाराला न्यायचे गाडीने, जंगलातून लाकूड आणायचे गाडीने, नवरी सासरी जायची गाडीने, बाळंतीण माहेरी यायची गाडीने. गाडी गावातच घडायची. वाढई चाक करायचा. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आरे धरून ठेवणारे पुट्टे. लाकूडही पारखून घ्यायचे. तिवस आणि धावडा ही आपल्या जंगलातली चिवट लाकडे गाडीकामासाठी नावाजलेली. मग लोहार लोखंडाची धाव आगीत लाल करायचा, तापून फुगलेली धाव चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड थंड होऊन आवळले की चाक वर्षानुवर्षे हलत नसे. एका गाडीत वाढई, लोहार, दोर वळणारा, कातडे कमावणारा, अशा चार घरांची भाकर होती.

आणि बैल. वर्धा-नागपूरकडचा पांढरा गवळाऊ बैल चालण्यात चपळ. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ वाटेने झपाट्याने नेण्यासाठी तो तयार झाला, असे त्या जातीच्या इतिहासात सांगतात. म्हणजे वेगवान बैलाला एके काळी कामाची किंमत होती. आज मोटार किती वेगाने पळते हे माणूस हौसेने सांगतो, तसाच त्या वेळी शेतकरी आपल्या जोडीचा वेग सांगत असणार. आणि दोघांनी सांगितले की तिसरा म्हणणारच, होऊन जाऊ दे मग! शर्यतीची हौस अशी कामातूनच येते.

पण आपला झाडीतला बैल वेगळा. आपल्याकडे धानाचा चिखल. रोवणीच्या वेळी गुडघाभर गाळात नांगर ओढायचा, तर उंच, जड बैल रुततो. त्याला लागतो लहान चणीचा, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारा बैल. आपल्याकडची कठाणी जनावरे तशीच आहेत. गडचिरोलीच्या कठाणी नदीचेच नाव त्यांना आहे. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद ठेवते. तिने नव्याने नोंदवलेल्या जातींत २०२३ साली आपली कठाणी जाहीर झाली. ज्याला आपण नुसता 'गावठी बैल' म्हणून हिणवत होतो, त्याला देशाच्या यादीत नाव मिळाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पटाच्या दिवसाकडे येऊ. पट म्हणजे नुसती शर्यत कधीच नव्हती. पट आहे म्हणून लेकी माहेरी यायच्या. पाहुणे आले म्हणून वडे, भाजी, रस्सा. सोयरिकी जुळायच्या. मैदानाच्या कडेला बांगड्या, खेळणी, जिलेबी, मुरमुरे, चना यांची दुकाने. आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची रंगभूमी मंडई आणि पट यांच्या आधाराने वाढली. दिवसा पटाला आलेला माणूस रात्री मुक्काम करणार, तर त्याला रात्रभर नाटक दाखवा, असा तो हिशेब. देसाईगंज म्हणजे आपले वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मोठे ठिकाण झाले. दिवाळीनंतर नाटके लागतात ती होळीपर्यंत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीच्या सेवेसाठीच. एके काळी या नाटकांत बाईचे काम पुरुष करत. आता बाया रंगमंचावर आहेत, त्यांचे घर त्यावर चालते.

दिवसाच्या मैदानावर मात्र बाई बराच काळ कडेलाच उभी राहिली. बैलाचे नाव मालकाचे, बक्षीस मालकाचे, फेटा मालकाला. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायांनी धुरकरी होऊन जोड्या हाकल्या, तेव्हा ती बातमी झाली. बातमी झाली याचाच अर्थ ती नेहमीची गोष्ट नव्हती.

आता कायद्याचा इतिहास, कारण पट बंद का झाला आणि पुन्हा सुरू कसा झाला याविषयी गावात उलटसुलट ऐकायला मिळते. या कायद्याच्या मुळाशी एक बाई आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल. भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत. १९५२ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. तिथे त्यांनी मुक्या जनावरांचा छळ थांबवण्यासाठी स्वतःहून विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी सरकारच तसा कायदा आणेल असा शब्द दिला, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्या कायद्याखाली १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच.

याच कायद्यात एक कलम आहे. सरकार यादी काढून सांगू शकते की अमुक जनावरांचे खेळ करायचे नाहीत. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने त्या यादीत बैल घातला. म्हणजे ताडोबातला वाघ आणि आपल्या गोठ्यातला बैल एकाच ओळीत आले. शौकिनांना याचाच राग. ते म्हणतात, वाघ जंगलातला, बैल घरातला, दोघांना एकच माप कसे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०१४ रोजी निकाल लागला. तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती, दोन्ही बंद. न्यायालय म्हणाले, बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, तो भीतीने आणि दुखण्याने पळतो.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटी घालून सूट दिली, पण पाचच दिवसांत न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर तरुणांचे मोठे आंदोलन झाले, तमिळनाडूने आपला कायदा बदलला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यावर रोख लावला. पुढे चार वर्षे गेली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यती घेऊ दिल्या. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे योग्य ठरवले, आणि नियम काटेकोर पाळा असे बजावले.

म्हणजे पट आज कायदेशीर आहे, पण मोकळा नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे. अंतर १००० मीटरच्या वर नाही. पशुवैद्यकाने बैल तपासलेला पाहिजे. काठी, चाबूक, आर लावलेली तुतारी, विजेचा झटका यातले काहीही चालत नाही. शेपटी पिळणे, चावणे हेही नाही. नियम मोडला तर दंड आणि तुरुंग दोन्ही आहेत. पट भरवणाऱ्या मंडळात आपल्या घरचे कोणी असेल तर हे त्याला वाचून दाखवा, कारण पोलीस आले तर रात्र आपल्यालाच जागून काढावी लागते.

आता शौकिनांचा वाद. तीन तऱ्हेची माणसे आहेत.

पहिली म्हणतात, पट आहे म्हणून बैल आहे. पट गेला तर बैल पाळणार कोण? यात तथ्य आहे. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ साली तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत दोन कोटी कमी. त्याच काळात गाईंची संख्या मात्र वाढली. म्हणजे जनावर गेले नाही, बैलाचे काम गेले. आपल्या बांधीत केजव्हीलचा ट्रॅक्टर उतरला आणि गोठ्यातली दावण रिकामी झाली.

दुसरी म्हणतात, पट राहू द्या पण जुन्या रीतीने. आता लाखांचे बैल बाहेरून येतात, शर्यतीपुरते पोसलेले, नांगराला कधी न जुंपलेले. गावच्या कास्तकाराची जोडी पहिल्याच फेरीत बाद. मग हा आपला पट कसला?

तिसरी म्हणतात, पळवणे सोडा, नुसती मिरवणूक काढा. सजवलेली जोडी, जुनी गाडी, बक्षीस द्या.

असाच वाद शहरातही आहे, फक्त तिथे बैलाच्या जागी मोटार आहे. मुंबईत जुन्या मोटारींचे शौकीन प्रदर्शने भरवतात, मिरवणुका काढतात. त्यांच्यातही भांडण हेच की जुनी गाडी रस्त्यावर चालवावी की झाकून जपावी. ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत तिकडे कामाला गेलेले आपले भाऊ बसले असतील, त्या टॅक्सीचा काळ ३० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, मुंबईची डिझेलवरची जुनी दुमजली बस बंद झाली. कामाचे वाहन काम संपले की आठवणीचे होते, हे सगळीकडे सारखेच. आपली लाल एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिल्यांदा निघाली, तीही कधीतरी अशीच होईल.

पण बायांनो, मोटारीत आणि बैलजोडीत एक मोठा फरक आहे. मोटार वर्षभर शेडमध्ये उभी राहिली तरी तिला भूक लागत नाही. बैलाला रोज तणीस लागते, कोंडा-ढेप लागते, पाणी लागते. आणि ते देते कोण? पहाटे गोठा झाडणारी बाईच. पटाचा बैल असला तर खुराक निराळा. कुठे दूध-अंडी बैलाला आणि घरच्या मुलीला पातळ वरण, असेही घडते. मोटारीला दुखत नाही, बैलाला दुखते. म्हणून मोटारीच्या शौकिनांना जो निर्णय सोपा जातो तो आपल्याला सोपा नाही. जपायचे आहे ते जिवंत आहे.

माझे मत विचाराल तर मी पटाच्या विरोधात नाही. आपल्याकडे वर्षात बाईला घराबाहेर पडून मोकळे बसायला किती जागा आहेत? मंडई, पट आणि नाटक. त्यातली एक बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. पण पट बंद होता त्या वर्षांनी एक गोष्ट दाखवून दिली. दिवसाची शर्यत थांबली तरी रात्रीची नाटके गावांनी चालूच ठेवली. म्हणजे लोकांना एकत्र येण्याची ओढ आहे, ती फक्त बैल पळण्यावर टिकून नाही. हे समजले की पटाला अटी घालायला भीती वाटत नाही.

'पटाने बैलाची जात वाचते' हे म्हणणेही जरा तपासून घेऊ. पटात जिंकतो वेगवान बैल. आपला कठाणी बैल वेगाचा नाही, चिखलाचा आहे. नुसत्या वेगाला बक्षीस दिले तर लोक वेगाचाच बैल आणणार, आणि कठाणी मागेच राहणार. कठाणी वाचवायची असेल तर पटाच्या मैदानावर तिच्यासाठी वेगळे बक्षीस पाहिजे. चांगली निगा राखलेली कामाची जोडी, चांगला वळू, चांगली गाय. आणि ते बक्षीस गोठा सांभाळणारीच्या हातात दिले पाहिजे.

नमुना दूर शोधायला नको. तान्हा पोळा आपल्याकडे आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, त्यांना बक्षिसे मिळतात. १८०६ साली नागपूरच्या दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी तो सुरू केला असे नागपुरात सांगितले जाते. त्यात कोणाला चाबूक नाही, पण वाढयाच्या हाताला काम आहे आणि लेकरांना बैलाची ओळख आहे. आपल्या गटांनी लाकडी बैल आणि छोट्या गाड्या करून पटात विकायला ठेवल्या, तर शौकीन माणूस नक्की थांबेल. गावातल्या म्हाताऱ्या वाढयाकडून चाक करण्याची विद्या दोन पोरांनी शिकून घेतली, तर तीही टिकेल. ज्याच्या घरी जुनी रेंगी किंवा छकडा पडून आहे, त्याने ती सरपणाला तोडण्याआधी पटात आणून ठेवावी. गाडीभोवती जुन्या बाया बसल्या की इतिहास आपोआप बोलायला लागतो.

आणि दारू-जुगाराचे बोलल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बंदी आली ती १ एप्रिल २०१५ ला, आणि ती आणण्यासाठी २०१० च्या डिसेंबरात हजारो बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालल्या. २०२१ मध्ये ती उठली. ज्या बाया एवढ्या चालल्या, त्यांच्या गावच्या पटात मागच्या बाजूला बाटली आणि पैज चालत असेल तर बोलण्याचा हक्क त्यांना नाही तर कोणाला? बैलावर लावलेला पैसा हरला की तो भरून काढायला बाई गटातून कर्ज उचलते. पासबुकावर कारण लिहिले जाते 'घरखर्च'. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून यंदा एक करू. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा कायदा महाराष्ट्रात आहे. त्या सभेत पटाचा विषय मांडू. चार मागण्या ठेवू. एक, नियमांचा कागद मैदानावर मोठ्या अक्षरांत लावायचा आणि देखरेखीच्या मंडळात दोन बाया घ्यायच्या. दोन, वर्गणीचा आणि बक्षिसांचा हिशेब पट संपल्यावर आठ दिवसांत वाचून दाखवायचा, जसा आपण गटाचा दाखवतो. तीन, दारू आणि पैजा नाहीत, आणि बायांसाठी संडास, पाणी व उजेड आधी. चार, कामाच्या जोडीला आणि तिची निगा राखणाऱ्या बाईला मानाचे बक्षीस.

हे मान्य झाले तर आपल्या गटांनी दुकाने लावावीत, वर्गणीही द्यावी. मान्य झाले नाही तर वर्गणी मागायला येणाऱ्याला शांतपणे विचारावे, भाऊ, मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे? शंभर वर्षे पटाचा बैल आपल्या हातचे खाऊन पळाला. आता पट कसा व्हावा यात आपलेही म्हणणे असू द्या. तुमच्या गावात काय ठरले ते पुढच्या बैठकीत सांगा.